माफीचं पुढचं वाक्य

९ तारीख, सोमवार

मुला,

पत्राच्या सुरुवातीला 'चिरंजीव' लिहायची पद्धत आहे, पण तुझ्या साहेबांचं कालचं भाषण ऐकल्यावर तो शब्द लिहायला हात धजेना. जास्त जगणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच दिसतो. तेव्हा नुसतं 'मुला'. तेवढं तरी अजून खरं आहे.

काल संध्याकाळी आम्ही सगळी म्हातारी मंडळी आश्रमाच्या जेवणघरात बसून सूप पीत होतो. टीव्हीवर तुझ्या साहेबांची प्रचारसभा चालू होती. नवे रस्ते, नवे पूल, तरुणांचं शहर वगैरे झालं, आणि मग त्यांनी ते तारे तोडले. ''ज्यांना पुढच्या स्टॉपवर उतरायचंय, त्यांनी गाडी कुठे न्यायची ते सांगू नये. सत्तरी ओलांडलेल्यांनी खिडकीतून बाहेर बघावं, गंमत बघावी, आणि स्टॉप आला की गुपचूप उतरावं.'' मैदानात हशा आणि टाळ्या. आमच्या जेवणघरात चमच्यांचा आवाज थांबला.

माझ्या खोलीत जी बाई राहते ती तुला माहीत नाही, कारण मला इथे सोडून गेल्यापासून तू त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाहीस. तिने जन्मभर शहर बसमध्ये तिकिटं फाडली, म्हणून सगळे तिला कंडक्टरीण म्हणतात. ती हातातला चमचा न ठेवताच उठली, म्हणाली, ''तिकीट काढलेल्या माणसाला उतर म्हणणारा हा कोण लागून गेला?'' आणि तिने टीव्ही बंद केला. त्यानंतर रोजची मालिका होती, तरी कुणी पुन्हा लाव म्हणालं नाही. यावरून किती लागलं असेल ते समज.

आज सकाळी वर्तमानपत्रभर तेच. मेट्रनबाई 'राजकारण नको, ब्लडप्रेशर वाढतं' म्हणत खोल्याखोल्यांतून फिरतायत. कोपऱ्यावरचा औषधवाला मला म्हणाला, ''आजी, बोलले ते खरंच बोलले, फक्त माइकसमोर बोलायला नको होतं.'' मी त्याला विचारलं, तुझं दुकान कोणाच्या जिवावर चालतं रे? तो माझ्या गोळ्या कापून द्यायच्या कामाला लागला.

तू त्यांची भाषणं लिहितोस. मला एवढंच विचारायचं होतं, की हे वाक्य तुझं का? साहेबांना स्वतःहून बस सुचेल असं वाटत नाही, त्यांना बसमध्ये बसून युग लोटलं असेल. शिवाय त्या वाक्याला लिहिणाऱ्याचा हात लागलेला आहे. बघावं, बघावी, आणि मग 'गुपचूप उतरावं'. टाळी शेवटच्या छोट्या तुकड्यावर पडते, हे तुला कोणी शिकवलं ते मी विसरलेले नाही. उभा जन्म नाटक कंपनीत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय मी. अडलेल्या नटाला पुढचं वाक्य द्यायचं, ते त्याला ऐकू जाईल आणि प्रेक्षकाला जाणार नाही इतक्याच आवाजात. बोललेला शब्द कुठे जाऊन पडतो ते मला कळतं.

उत्तर दे. पत्र जमत नसेल तर फोन कर.

आई
(अजून न उतरलेली)


१२ तारीख, गुरुवार

मुला,

फोन आला, बरं वाटलं. 'कशी आहेस' हे तू जरा उशिराने विचारलंस. तोंड उघडल्याबरोबर पहिला प्रश्न होता, ''काल त्या बसमध्ये तू होतीस का?''

होते. पेपरात फोटो आहे, मागून तिसऱ्या खिडकीत, चष्म्यावर उजेड पडलेली ती मीच.

हे आंदोलन कोणाच्या डोक्यातून निघालं ते मला माहीत नाही. शहरातल्या पेन्शनरांनी ठरवलं, बसमध्ये चढायचं आणि शेवटच्या स्टॉपवर उतरायचंच नाही. कंडक्टरणीच्या अंगात तर संचारलंच. मेट्रनबाईंना आम्ही डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं आणि चौघीजणी गेलो. बसमध्ये आमच्यासारख्यांची गर्दी. कोणी विणकाम काढून बसलेली, एका गृहस्थांनी घरून उशी आणलेली. कंडक्टरणीला बसून राहवेना, ती मधल्या वाटेत उभी राहून 'पुढे सरका, पुढे जागा आहे' करत होती. शेवटचा स्टॉप आला. कोणी हललं नाही. ड्रायव्हर तरुण होता. त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि विचारलं, ''मग चहा सांगू का सगळ्यांना?'' त्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या.

सगळेच आमच्या बाजूने होते असं मात्र समजू नकोस. स्टॉपवर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, तिला कामावर जायचं होतं. ती आमच्यावर कडाडली, की तुम्हाला वेळच वेळ आहे, आमचा का खाता? तिचं ऐकून मी वरमले. आम्ही ती बस सोडली आणि डेपोत उभ्या असलेल्या दुसऱ्या रिकाम्या बसमध्ये जाऊन बसलो. हे पेपरात आलेलं नाही.

तू म्हणालास, ते वाक्य साहेबांच्या तोंडून निसटलं, तू लिहिलेलं वेगळंच होतं. बरं. त्यावर मी काही बोलले नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता रविवारच्या गोष्टीविषयी. तुझे साहेब आमच्या आश्रमात येणार, कॅमेऱ्यांसमोर म्हाताऱ्यांची माफी मागणार, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसायचं. त्यांची माफी संपली की मी दोन वाक्यं बोलायची. तुझी साहाय्यक मुलगी दुपारी कागद देऊन गेली. गोड मुलगी आहे, माझ्या पाया पडताना घड्याळाकडे बघत होती. कागद मी वाचला. तुझंच लिखाण, ओळखू येतं. 'जर कुणाची मनं दुखावली असतील तर' यातला 'जर' मला खटकला. दुखावली आहेत, बाबा. जरतर कशाला? आणि माझ्या तोंडी तू घातलंयस, 'साहेब, तुम्ही आमच्या मुलासारखे. आई मुलावर रागावते थोडीच?' रागावते. निदान तुला तरी हे ठाऊक असायला हवं होतं.

नाही म्हणायचंच मनात होतं. पण तेवढ्यात मेट्रनबाई आल्या आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्या वाईट नाहीत. आमची लिफ्ट बंद पडली तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची माणसं खाली उतरलेली नाहीत. त्यातले एक म्हातारे वकीलसाहेब गॅलरीत बसून खाली अंगणातल्या माणसाशी बुद्धिबळ खेळतात. आपली चाल ओरडून सांगतात आणि खालच्याने प्यादं नीट हलवलं की नाही यावरून भांडतात. साहेब नवीन लिफ्ट देणार आहेत. मेट्रनबाई म्हणाल्या, ''तुमचं काय जातंय, दोन वाक्यं तर आहेत.'' आणि फोन ठेवता ठेवता तूही म्हणाला होतास, 'आई, माझ्यासाठी.' हे तू लहानपणीसुद्धा फार क्वचित म्हणायचास.

तर मी बसेन. ऐकेन. माझी वाक्यं म्हणायची की नाही, ते त्यांचं ऐकून ठरवीन. लेखी कळवते आहे, मागाहून कानावर हात ठेवू नकोस.

आई


१५ तारीख, रविवार

मुला,

न भेटताच गेलास. साहेबांच्या गाडीमागोमाग तुझी गाडी निघाली ती मी खिडकीतून पाहिली. मेट्रनबाई सांगत होत्या, तू त्यांना म्हणालास, 'आईने मुद्दाम केलं, माझं वाटोळं केलं.' तू कॅमेऱ्यामागे होतास आणि मी कॅमेऱ्यापुढे. माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते आता ऐक.

तुझे साहेब आले तेव्हा चांगले वाटले मला. उंच, ताजी दाढी केलेले, कंडक्टरणीला वाकून नमस्कार करणारे. हातात कागद नव्हता. ही तुझीच सूचना असणार, कागद बघून मागितलेली माफी कोणाला पटत नाही. मला त्यांच्या उजवीकडे, अर्धी खुर्ची मागे बसवलं होतं. माझ्या पदराला तुमच्या माणसाने छोटा माइक लावला. सगळे आमच्याकडे बघत होते, आणि वर गॅलरीत तिसरा मजला कठड्याला ओळीने टेकून उभा होता.

सुरुवात ठीक झाली. 'वडीलधाऱ्यांनो' म्हणताना आवाज मऊ केला. दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. मग 'तुमच्या अनुभवाच्या' इथपर्यंत आले आणि त्यांची नजर वर गेली. ही नजर मी ओळखते रे. माणूस अडला की नजर आधी छताकडे जाते आणि मग विंगेकडे येते. ती आली, आणि विंगेच्या जागी मी बसलेले. मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून शब्द गेला, ''सावलीतच आम्ही वाढलो.''

हळूच दिला होता. जितका द्यायचा तितकाच. पण पदराला माइक होता. सगळ्या अंगणाने ऐकला. आणि तुझ्या साहेबांनी कसलेल्या नटासारखा तो उचलला आणि तस्सा म्हटला, 'सावलीतच आम्ही वाढलो.' मग मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि कंडक्टरीण तर पोट धरून हसली. माफी मागणाऱ्याला माफी कोणी सांगितली, तर जिची मागायची तिनेच.

ही चूक माझी. कबूल. दुसरी कुठलीही म्हातारी तिथे असती तर गप्प बसली असती आणि दोन-चार सेकंदांनी साहेबांना आपोआप आठवलं असतं. पण माझ्या हाडात भिनलेलं आहे, अडलेला दिसला की शब्द द्यायचा. कागद दोनदा वाचला की पाठ होतो, हीसुद्धा खोडच. तेवढं मुद्दाम नव्हतं.

त्याच्यापुढचं मुद्दाम होतं.

हसण्याने ते गडबडले. 'जर कुणाची मनं दुखावली असतील, तर मी' असं म्हणाले आणि पुन्हा अडले. पुढचे शब्द काय होते ते तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. 'माफी मागतो.' दोन शब्द. आमच्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागे तुझे ओठ हलत होते, ते मला दिसत होते. मी तोंड मिटून बसले. उभ्या जन्मात अडलेल्या माणसाला मी असं लटकत ठेवलेलं नाही, आणि मला ते सोपंही गेलं नाही. माझी जीभ टाळूला लागून लागून परत येत होती. पण बाकीचं सगळं लिहून दिलेलं चालेल, हे दोन शब्द तरी त्यांचे त्यांना सुचावेत असं मला वाटलं. त्यासाठीच तर आले होते ना?

ते लाल झाले. म्हणाले, ''सांगा की पुढचं. मघाशी तर सांगत होतात.''

मी म्हटलं, ''तुम्हीच सांगा. मला ऐकायचंय.''

मग त्यांचा तोल गेला. ''बोललो त्यात खोटं काय होतं? विचारा यांना, आज वार कोणता. निम्म्यांना सांगता यायचा नाही.''

हे मात्र त्यांनी न अडता म्हटलं. आणि मागून कंडक्टरणीचा आवाज आला, ''रविवार. आणि मतदान बुधवारी.''

टाळ्या तू ऐकल्यासच. वकीलसाहेबांनी वरून काठी कठड्यावर आपटली ती कॅमेऱ्यात आली का ते मला माहीत नाही. साहेब गेले, तू गेलास, चहाचे कप भरलेले तसेच राहिले. मी ते उचलायला मदत केली. लिफ्ट गेली हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि वर बघायचा मला धीर झाला नाही. तरी सांगते, पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तशीच बसेन.

आई


१७ तारीख, मंगळवार

काल तू टीव्हीवर आलास. आज वर 'मुला' पण लिहिलेलं नाही, बघ.

चांगला शर्ट घातला होतास. आवाज उतरवला होतास, मध्येच खाली बघत होतास. 'माझी आई गेली दोन वर्षं भ्रमात असते. तिला जुन्या नाटकांचे भास होतात. कोणीही बोलत असलं की ती मध्ये काहीबाही बोलते. तिची ती अवस्था बघून साहेब अस्वस्थ झाले आणि त्या भरात बोलून गेले. कृपा करून माझ्या आईचं राजकारण करू नका.' शेवटचं वाक्य छोटं. टाळीचं.

आणि काम फत्ते केलंस, मानलं. रविवारपासून जे लोक साहेबांची टर उडवत होते ते रात्रीत मला 'बिचारी' म्हणायला लागले. एका बाईने कार्यक्रमात फोन करून तुझ्यासाठी रडून घेतलं. औषधवाल्याने आज मला गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा समजावून सांगितलं, तेही मोठ्याने, हातवारे करून. त्या गोळ्या मी त्याचं दुकान उघडायच्या आधीपासून घेते आहे.

सकाळी मेट्रनबाईंनी डॉक्टर बोलावला. तपासणीच्या खोलीत त्याने मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते मी ठेवले. घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. मग तारीख विचारली. मी सोळा म्हटलं. आज सतरा. तुला पत्र लिहिताना मी माझ्या खोलीतलं कॅलेंडर बघून तारीख घालते, आणि तपासणीच्या खोलीच्या भिंतीवर फक्त दातांचं चित्र होतं. डॉक्टर हसला, म्हणाला मीसुद्धा चुकतो. पण डॉक्टर चुकला तर तो दमलेला असतो, आणि मी चुकले की माझी अवस्था होते. त्याने मेट्रनबाईंच्या कानात काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर त्या मला 'आपण' म्हणून बोलायला लागल्या. 'आपण उद्या मतदानाला नको जायला हं. आपण आराम करू.' मी विचारलं, तुमचं पण डोकं फिरलंय का, नाहीतर आपण कोण? मग त्यांनी सांगितलं. तुझा फोन आला होता. उद्याच्या गाडीत मला बसवायचं नाही. केंद्राबाहेर बातमीवाले असतील, मला त्रास होईल.

आणि संध्याकाळी तुझी ती साहाय्यक मुलगी येणार. तिच्या मोबाइलसमोर मी एवढंच म्हणायचं, 'मला त्या दिवसाचं काही आठवत नाही.' म्हटलं की लिफ्ट पुन्हा कबूल.

हा डाव चांगला टाकलास. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना मी रोज सूप नेऊन द्यायची. काल त्यांनी दार उघडलं नाही. त्यांचा राग मला कळतो. पायांनी जिना उतरता येत नसेल तर माझ्या मानापमानाचं त्यांनी काय करायचं? दुपारी वकीलसाहेब गॅलरीतून माझ्या नावाने ओरडले, ''माझ्या नावावर लिफ्ट घ्याल तर याद राखा.'' सगळ्या अंगणाने ऐकलं. ते एकटे तसं म्हणाले, बाकी मजला गप्प होता. मी रडले. दार लावून रडले, आणि कंडक्टरणीने पाठीवर हात ठेवला तेव्हा आणखी रडले.

मग तोंड धुतलं आणि तुला लिहायला बसले. मला आठवत नाही म्हणतोस. काय काय आठवतं ते सांगू? शाळेच्या नाटकात तू राजाचा पहारेकरी होतास, एकच वाक्य होतं, तेही अडलं, आणि पहिल्या रांगेतून मी ते तुला दिलं. तू ओरडून म्हटलंस आणि खूश होऊन मला हात केलास. भाला पडला. तुझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची उत्तरं आपण दोघांनी मिळून घोकली ते आठवतं. तुझ्याकडे पाहुणे आले की मी तुझी वाक्यं पुरी करायची, आणि तुझी बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची, तेही आठवतं.

आणि मी तुझं घर सोडलं त्या सकाळचं आठवतं. मी म्हटलं होतं, या माणसाकडे काम धरू नकोस, हा तुझ्याकडून नको ते लिहून घेईल. तू चहाचा कप विसळत होतास. मागे न वळता म्हणालास, ''आई, गाडी मी चालवतोय. तू तुझ्या स्टॉपवर उतर आणि मला सोड.''

मी उतरले. दुपारपर्यंत बॅग भरली.

म्हणून आठ तारखेला जेवणघरात ते वाक्य कानावर पडलं तेव्हा मला कोणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी मी तुला विचारलं. म्हटलं, खरं बोलायची एक संधी देऊन बघू. तू म्हणालास निसटलं. आधी माझ्यावर वापरलंस, ते चाललं, मग साहेबांना दिलंस. आता सांग, भ्रमात कोण आहे?

राग आलाय मला. एवढा राग मला तुझ्या वडिलांचाही कधी आला नाही, आणि त्यांनी काही कमी कारणं दिली नव्हती. माझ्याकडे ना घर होतं ना दागिने. स्मरणशक्ती होती, तिच्यावर तुला वाढवलं. तिच्यावरच तू टीव्हीवर बसून चिखल टाकलास.

एवढ्यात तुझी ती साहाय्यक मुलगी येऊन गेली. तिला चहा दिला, दोन जुने किस्से सांगितले, ती हसली. मोबाइल पर्समधून काढायचं तिला धाडस झालं नाही. तिला रागावू नकोस.

उद्या मी जाणार. गाडीत बसवा नाहीतर न बसवा.

आई


१८ तारीख, बुधवार, दुपार

मुला,

मतदान करून आले. जेवले. आता लिहिते.

सकाळी आश्रमाची गाडी दारात लागली. मेट्रनबाई पायरीशी उभ्या होत्या. माझ्या दंडाला हळूच धरून म्हणाल्या, तुमच्या मुलाची इच्छा नाही. मी विचारलं, मतदार कोण आहे, मी की तो? तरी त्या बाजूला होईनात. कंडक्टरीण आधीच चढून पुढच्या सीटवर ऐसपैस बसली होती. ती उठली, सगळ्यांच्या पायांवर पाय देत खाली आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, तू हो पुढे. आम्ही दोघी सरळ फाटकाबाहेर पडून शहर बस पकडली. मेट्रनबाईंनी हाक मारली नाही. मला वाटतं त्यांना मारायची नव्हती.

केंद्र शाळेत होतं. रांग मोठी. पुढच्या पोरांनी वाट करून दिली, आजी, तुम्ही पुढे व्हा. मी म्हटलं, मला घाई नाही. कंडक्टरीण म्हणाली, मला आहे, आणि पुढे गेली. आत टेबलामागे एक मुलगी होती, ती माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी बोलली. नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, मी सांगितलं. तुझ्या पक्षाचा माणूस बाकावर बसला होता. त्याने मला ओळखलं. आणि हातातल्या यादीत डोकं घातलं. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. तिथे मला कोणी सुचवणारं नव्हतं आणि मी कोणाला सुचवणार नव्हते. कोणाला मत दिलं ते तुला सांगणार नाही, पण तू अंदाज करू शकशील.

बाहेर बातमीवाले होतेच. गराडाच पडला. आणि रस्त्याच्या पलीकडे, तुमच्या पक्षाच्या टेबलाशी, तू उभा होतास. दाढी वाढलेली. एका तरुण बाईने माइक पुढे केला आणि फार जपून विचारलं, ''आजी, तुमचा मुलगा म्हणतो तुम्हाला हल्ली काही आठवत नाही. खरं आहे का?''

तू मान हलवलीस. नको, नको. मला दिसलं. आणि मला काय म्हणायचं ते तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं: खरं आहे, वय झालं. एवढं म्हटलं असतं तर तुझी नोकरी राहिली असती, लिफ्ट आली असती आणि मला घरी नेऊन झोपवलं असतं.

मी म्हटलं, ''माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा खोटं बोलला.''

तिने विचारलं, मग ती माफी कोणी लिहिली होती? मी सांगितलं नाही. बसचं वाक्य कोणाचं ते तर तिने विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी ते माझ्या तोंडून गेलं नसतं. कोण कुठे अडला आणि कोणी सांभाळून घेतलं, हे विंगेतला माणूस बाहेर बोलत नाही. एवढा धर्म मी पाळला. पण माझ्याबद्दल विचारलं तर मी माझं खरं सांगणार. माझं वाक्य दुसऱ्या कोणी लिहून द्यायचं नाही, तूसुद्धा नाही.

तुझा चेहरा पडला. तू पाठ फिरवलीस आणि गाडीत जाऊन बसलास. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रस्ता ओलांडून यावंसं वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, अजूनही वाटत नाही.

तुझे साहेब निवडून येतील बहुतेक. औषधवाला म्हणतो येतीलच. तुला ठेवतील की काढतील ते मला माहीत नाही, आणि काढलं तर त्यात माझा हात आहे हे मी नाकारणार नाही. लिफ्टचं बघू. वकीलसाहेब म्हणतात, अर्ज करू, नाही ऐकलं तर आपण सगळे जिन्यातच जाऊन बसू. ती सूपवाली बाई अजून दार उघडत नाही. मी रोज वाडगा दाराशी ठेवून येते आणि तो रिकामा होऊन परत येतो.

तू ये. आज नको, उद्या नको, राग जरा निवळू दे, तुझाही आणि माझाही. पण ये. माझ्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या आहेत, कंडक्टरणीला मी बाहेर पाठवीन. येताना काही लिहून आणू नकोस. गाडीत बसून घोकूही नकोस. तू सुरुवात करशील आणि अर्ध्यात अडशील, मला माहीत आहे. तुझी नजर छताकडे जाईल, मग माझ्याकडे येईल. पुढचा शब्द मला कळलेला असेल. मी तो देणार नाही. मी समोर बसून राहीन, कितीही वेळ लागला तरी.

आई